मुरमावरची कॅपसूल : एका औषधाचा इतिहास आणि हिशेब



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला आणि आम्ही 'मुरमावरची कॅपसूल' असे सांगितले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू उमटले ते आमच्या नजरेतून सुटले नाही. तीस वर्षे कामगार चळवळीत घालविलेल्या माणसाने बोनसवर बोलावे, महागाईभत्त्यावर बोलावे, फार तर कंत्राटी पद्धतीवर बोलावे. तारुण्यपीटिकांशी त्याचा काय संबंध? शिवाय आम्ही डॉक्टर नव्हे. आमचे शाळेतले शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढे जे काही शिकलो ते नगर वाचनालयाच्या बाकावर, युनियनच्या कचेरीत आणि लेबर कोर्टाच्या व्हरांड्यात तारखेचा पुकारा होण्याची वाट पाहत. तेव्हा कोणी कोणते औषध घ्यावे हे सांगण्याचा आम्हांला अधिकार नाही आणि तो आम्ही घेणारही नाही. आम्ही सांगणार आहोत तो एका औषधाचा इतिहास. तो सांगावासा का वाटला, एवढे मात्र आधी सांगितले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यातला एकवीस वर्षांचा टर्नर आमच्या कचेरीत आला. तोंडाला रुमाल बांधलेला. आम्हांला वाटले, मुकादमाशी मारामारी झाली असेल. रुमाल सोडला तेव्हा दिसले की गाल, हनुवटी, मान सगळे पुळ्यांनी भरलेले. बाह्या वर केल्या तर कोपरापर्यंत काळे ठिपके आणि पिकलेले फोड. ठरत आलेली सोयरीक मुलीकडच्यांनी 'पोराला कातड्याचा रोग दिसतो' म्हणून मोडली होती. त्याने खिशातून कॅपसुलांचे पाकीट काढून टेबलावर ठेवले. डॉक्टरांनी सहा आठवड्यांसाठी लिहून दिलेले ते औषध तो चौदा महिने घेत होता. जुनी चिठ्ठी दाखवायची आणि दुकानातून नवे पाकीट आणायचे, असा क्रम होता. तो म्हणाला, "काका, रोज घेतो, पण जात नाही. याच्याहून जोराची कुठली मिळते का, ते बघा ना."

'याच्याहून जोराची' हा शब्द आमच्या मनातून गेला नाही. चळवळीतही आम्ही हा शब्द पुष्कळ वेळा ऐकला आहे. म्हणून त्या पाकिटावरचे नाव उतरवून घेतले आणि वाचावयास बसलो. त्या वाचनातून जे हाती आले ते आज आपल्यापुढे मांडतो.

प्रथम दुखणे काय आहे ते थोडक्यात पाहू. आपल्या कातडीत केसांच्या मुळाशी बारीक तेलग्रंथी असतात. वयात येताना शरीरातले रस पालटतात आणि या ग्रंथी जास्त तेल पाझरू लागतात. मुखाशी कातडीच्या मेलेल्या पेशी साचून वाट बुजते. कोंडलेल्या तेलात एका जातीचे जंतू वाढतात आणि मग तेथे सूज, लाली, पू हे सर्व येते. हा जंतू १८९६ साली उन्ना या जर्मन वैद्याने पाहिला, आणि १८९७ साली सबूरो या फ्रेंच वैद्याने तो वाढवून दाखविला. ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट ही की हा जंतू बाहेरून आलेला चोर नव्हे. तो तुमच्याआमच्या, सर्वांच्या कातडीवर राहणारा जुना भाडेकरू आहे. वाट मोकळी असते तोवर तो निरुपद्रवी असतो. वाट कोंडली की दंगा करतो. म्हणून मुरूम हा घाणेरडेपणाचा रोग नव्हे, संसर्गाचा नव्हे आणि मनातल्या वाईट विचारांचा तर मुळीच नव्हे. या तिन्ही समजुतींनी आपल्या समाजात पोरापोरींना फार छळले आहे.

दुखणे पुरातन आहे. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये 'मुखदूषिका' सांगितली आहे आणि तिला शाल्मलीच्या, म्हणजे सावरीच्या, काट्यांची उपमा दिली आहे. ज्याने सावरीचे खोड पाहिले आहे त्याला ही उपमा किती नेमकी आहे हे कळेल. आपल्या घरांतून दुधात उगाळलेले जायफळ, चंदन, मुलतानी माती हे उपाय चालत आले. पश्चिमेत गंधकाचे लेप होते. आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तर मुरमांच्या चेहऱ्यावर क्ष-किरण सोडण्याची रीत पडली होती. त्याने ग्रंथी सुकत आणि मुरूम जात; पण त्यांतल्या काहींना पुढे कित्येक वर्षांनी थायरॉइडचा व कातडीचा कर्करोग झाल्याचे आढळले. चेहऱ्यासाठी माणूस काय काय सोसावयास तयार होतो याचा हा दाखला आहे. क्षुद्ररोग हे नाव शास्त्राने दिले असेल. ज्याच्या चेहऱ्यावर तो असतो त्याला तो क्षुद्र वाटत नाही.

आता कॅपसुलेकडे येऊ. तिचा जन्म मातीतला आहे. अमेरिकेतील लेडर्ले या औषध कंपनीत दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस निरनिराळ्या ठिकाणची माती आणून तीत जंतुनाशक द्रव्ये तयार करणारे सूक्ष्मजीव शोधण्याचे काम चालू होते. संशोधन विभागाचे प्रमुख होते आपल्या आंध्र प्रदेशातील भीमवरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. ज्याला हे शोधकाम दिले तो बेंजामिन डगर हा वनस्पतिशास्त्रज्ञ विद्यापीठातून निवृत्त झालेला, सत्तरी उलटलेला गृहस्थ. मिसूरी विद्यापीठाच्या सॅनबोर्न फील्ड नावाच्या प्रयोगशेतातून एक मातीचा नमुना आला. त्यातून सोनेरी रंगाचा एक सूक्ष्मजीव निघाला. सोन्याला लॅटिनमध्ये 'ऑरम' म्हणतात, त्यावरून औषधाला 'ऑरिओमायसिन' हे नाव पडले. शास्त्रीय नाव क्लोरटेट्रासायक्लिन. १९४८ साली शोध प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस औषध बाजारात आले. सुब्बाराव मात्र त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये वयाच्या ५३ व्या वर्षी वारले.

हे औषध माणसांवर प्रथम वापरले ते न्यूयॉर्कच्या हार्लेम हॉस्पिटलात, डॉ. लुई राइट या काळ्या शल्यवैद्याने. हार्लेम ही काळ्यांची, गरिबांची वस्ती. आणि राइट हे काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या अमेरिकेतील मोठ्या संघटनेचे कार्याध्यक्ष. म्हणजे शेतातली माती, निवृत्त झालेला म्हातारा, परदेशी गेलेला एक आंध्र माणूस आणि वर्णद्वेषाशी झगडणारा डॉक्टर, अशा चार ठिकाणच्या श्रमांतून हे औषध उभे राहिले. ते कोणा एकाचे नव्हते, ही गोष्ट पुढच्या हिशेबासाठी लक्षात ठेवावी.

पेनिसिलिन तोपर्यंत आले होते, पण ते मुख्यतः सुईने द्यावे लागे आणि पुष्कळ जंतूंवर ते चालत नसे. ऑरिओमायसिन तोंडाने घेता येई आणि अनेक जातींच्या जंतूंवर चाले. १९५० मध्ये फायझर कंपनीने त्याचेच भावंड, टेरामायसिन, बाजारात आणले. त्याच कंपनीतील लॉइड कोनोव्हर या रसायनशास्त्रज्ञाने ऑरिओमायसिनमधला क्लोरीनचा अणू काढून टाकून टेट्रासायक्लिन तयार केले. त्याचे पेटंट १९५५ च्या जानेवारीत मिळाले. त्या टर्नरच्या खिशातली डॉक्सिसायक्लिन ही याच घराण्यातली, १९६७ साली अमेरिकेत विक्रीस आलेली पुढची पिढी. ही औषधे काम कशी करतात ते आम्ही आमच्या भाषेत सांगतो. प्रत्येक जंतूच्या पोटात प्रथिने विणण्याचा एक बारीक माग असतो. हे औषध त्या मागात जाऊन बसते आणि धोटा अडवते. जंतू तत्काळ मरत नाही. त्याची वाढ खुंटते आणि उरलेले काम शरीर करते.

मुरमांचे डॉक्टर या औषधाकडे लवकरच वळले. १९५० च्या दशकात पाश्चात्त्य देशांत कातडीचे डॉक्टर मुरमाच्या रोग्यांना टेट्रासायक्लिन देऊ लागले आणि चेहरे निवळू लागले. येथे एक नवी गोष्ट घडली. न्यूमोनियाला हे औषध आठवडा, दहा दिवस द्यावे लागे. मुरमाला ते महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे, थोड्या मात्रेने चालू राहू लागले. माणूस एरवी धडधाकट, तरुण. आणि तरी रोज जंतुनाशक घेणारा. वैद्यकाच्या इतिहासात असा रोगी पूर्वी फारसा नव्हता. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले की टेट्रासायक्लिन घेतल्यावर कातडीच्या तेलातील चरबीची आग पेटविणारी आम्ले कमी होतात. ही आम्ले जंतू तयार करतात, तेव्हा सर्व जुळले असे वाटले. पुढे असेही कळले की या औषधात सूज उतरविण्याचा एक स्वतंत्र गुण आहे. जंतूंना धक्का लागणार नाही इतक्या अल्प मात्रेने, म्हणजे २० मिलिग्रॅम दिवसातून दोन वेळा, डॉक्सिसायक्लिन दिली तरी मुरूम कमी होतात, असा प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. ही गोष्ट आम्हांला फार बोलकी वाटते. आपण ज्याला जंतूंवरचा विजय समजत होतो, त्यातला काही भाग जंतूंशी संबंध नसलेलाच होता.

दोषही हळूहळू उमगले. लहान मुलांना व गर्भवतींना हे औषध दिले तर मुलांचे वाढते दात कायमचे पिवळे-तपकिरी होतात, कारण हे द्रव्य चुन्याला, म्हणजे कॅल्शियमला, घट्ट चिकटते. त्याच कारणाने टेट्रासायक्लिन दुधाबरोबर घेतले तर पोटात नीट शोषले जात नाही. डॉक्सिसायक्लिन घेणाऱ्याची कातडी उन्हाने लवकर भाजते. मिनोसायक्लिन हे आणखी एक भावंड दीर्घकाळ घेतले तर कधी कधी कातडीवर निळसर-काळे डाग पडतात. असो. हे दोष घेणाऱ्याचे स्वतःचे. डॉक्टर ते सांगतात आणि सांभाळतात. आमचा मुद्दा वेगळा आहे. जो दोष घेणाऱ्याला न होता दुसऱ्याला होतो, त्याची दाद कोणाकडे मागावयाची?

तो प्रश्न घेण्याआधी पैशाची गोष्ट सांगितली पाहिजे. कारण आम्ही युनियनवाले, आणि कारखान्यातून माल बाहेर पडताना त्याची किंमत कोण ठरवतो हे विचारल्याखेरीज आम्हांला चैन पडत नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेत टेट्रासायक्लिन पाच कंपन्या विकत होत्या आणि पाचही जणींचा भाव एकच होता. शंभर कॅपसुलांची बाटली औषधविक्रेत्याला ३० डॉलर ६० सेंटला पडे आणि गिऱ्हाइकाला ५१ डॉलरला. ती तयार करण्याचा खर्च चार डॉलरच्या आत होता. १९५८ मध्ये तेथील व्यापार आयोगाने तक्रार केली. १९५९ च्या डिसेंबरपासून सिनेटर केफॉव्हर यांच्या उपसमितीने औषधांच्या भावांची जाहीर चौकशी आरंभिली. त्या समितीच्या अहवालात आपल्या देशाचे नाव आले. ऑरिओमायसिन आणि अ‍ॅक्रोमायसिन, म्हणजे लेडर्लेचे टेट्रासायक्लिन, यांचे हिंदुस्थानातील भाव जगातल्या सर्वांत चढ्या भावांपैकी आहेत, असे तेथे नमूद झाले. ज्या देशात माणसाचे उत्पन्न सर्वांत कमी, त्या देशात औषध सर्वांत महाग! सुब्बारावांच्या हाताखाली निघालेले औषध सुब्बारावांच्याच देशबांधवांना परवडत नव्हते.

यावर आपल्याकडे दोन मार्गांनी उत्तर दिले गेले. एक, कारखाने. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचे साह्य घेऊन. आणि १९५५ मध्ये तेथे पेनिसिलिन निघू लागले. माळरानावर उभी राहिलेली ही 'पेनिसिलिन फॅक्टरी' आपल्या भागातील सार्वजनिक क्षेत्राचा पहिला अभिमान होती. पुढे सोव्हिएत साह्याने हृषीकेशला दुसरा कारखाना झाला आणि तेथे टेट्रासायक्लिनही निघू लागले. दुसरा मार्ग कायद्याचा. १९५९ मध्ये न्यायमूर्ती अय्यंगार यांनी पेटंट कायद्याविषयी अहवाल दिला. त्यावरून १९७० चा पेटंट कायदा झाला आणि तो १९७२ पासून अमलात आला. औषधावर पेटंट नाही, फक्त ते करण्याच्या रीतीवर, असे ठरले. २००५ मध्ये ही तरतूद पुन्हा पालटली. पण मधल्या तेहेतीस वर्षांत देशात औषधांचे कारखाने उभे राहिले आणि भाव खाली आले.

आणि तिसरी एक लढाई, जी फार थोड्यांना ठाऊक आहे. भारत सरकारने अमेरिकेच्या न्यायालयात फायझर व इतर कंपन्यांवर दावा लावला, की या औषधांचे भाव संगनमताने वाढवून आमच्याकडून जादा पैसे घेतले. इराण व फिलिपिन्स यांचेही असेच दावे होते. कंपन्या म्हणाल्या, परक्या देशाच्या सरकारला असा दावा लावताच येत नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि ११ जानेवारी १९७८ रोजी पाच विरुद्ध तीन मतांनी निकाल झाला, की परक्या सरकारलाही अमेरिकेतील मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दाद मागता येते. न्यायाच्या दृष्टीने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. फौजदारी खटल्यात तीन कंपन्या १९६७ मध्ये दोषी ठरल्या, पण ती शिक्षा वरच्या न्यायालयाने रद्द केली आणि फेरसुनावणीत, १९७३ मध्ये, त्या निर्दोष सुटल्या. तरीही ज्या कॅपसुला आज कोणी पानपट्टीवरच्या बडीशेपेसारख्या मागतो, त्यांच्या भावासाठी आपल्या देशाला सातासमुद्रापार कोर्टाची पायरी चढावी लागली होती, हे विसरू नये.

आता त्या अडलेल्या प्रश्नाकडे वळू. जपानमध्ये १९५० च्या दशकात आवेचे असे जंतू आढळू लागले की ज्यांच्यावर सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरँफेनिकॉल आणि टेट्रासायक्लिन ही चारही औषधे एकदमच निरुपयोगी ठरत. तेथील शास्त्रज्ञांनी दशकाच्या अखेरीस दाखवून दिले की औषधाला दाद न देण्याची विद्या एक जंतू दुसऱ्या जंतूला देऊ शकतो. आपल्या जातीतल्याच नव्हे, दुसऱ्या जातीतल्या जंतूलाही. आम्हांला हे वाचताना आणीबाणीच्या काळातील जुन्या कार्यकर्त्यांच्या आठवणी आठवल्या. एका खात्यात आलेले पत्रक संध्याकाळपर्यंत दहा खात्यांत हातोहात पोचत असे, तसेच हे.

मुरमाच्या बाबतीत मात्र डॉक्टर निर्धास्त होते. १९७५ मध्ये अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांच्या संस्थेच्या समितीने दीर्घकाळ टेट्रासायक्लिन देणे परिणामकारक व सुरक्षित आहे असा निर्वाळा दिला. त्या वेळी हाती असलेल्या पुराव्यावरून तो चुकीचा नव्हता. चार वर्षांनी, १९७९ मध्ये, मुरमाचे जंतू एरिथ्रोमायसिन व क्लिंडामायसिन या औषधांना दाद देत नाहीत असे अमेरिकेत प्रथम आढळले. पुढे इंग्लंडमधील लीड्स येथे रोग्यांची वर्षानुवर्षे मोजदाद झाली. १९९१ मध्ये शंभरांपैकी सुमारे पस्तीस रोग्यांच्या कातडीवर औषधाला न जुमानणारे जंतू होते. १९९७ मध्ये चौसष्ट. सहा वर्षांत जवळजवळ दुप्पट! आणि हे जंतू रोग्यापुरते राहत नाहीत. घरातल्यांच्या अंगावरही सापडतात. २००५ मध्ये आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मुरमासाठी दीर्घकाळ जंतुनाशके घेणाऱ्यांना, न घेणाऱ्या मुरमाच्या रोग्यांपेक्षा, घशाचे व श्वासनलिकेचे दुखणे दुपटीहून अधिक वेळा होते, असे त्यात दिसले.

याचे कारण सरळ आहे. कॅपसूल तोंडाने घेतली की ती फक्त गालावर जात नाही. ती घशात, आतड्यात, सर्व अंगात जाते. तेथे राहणारे कोट्यवधी जंतू, ज्यांनी आपले काही बिघडविलेले नाही, त्यांनाही ती रोज थोडी थोडी शिकवण देते. ज्यांचा माग अडतो ते मागे पडतात. ज्याच्या अंगी योगायोगाने अडवणूक चुकविण्याची युक्ती असते तो उरतो आणि त्याचीच प्रजा वाढते.

श्रोतेहो, आम्ही संप केलेले आहेत आणि संप मोडलेलेही पाहिले आहेत. जुने कार्यकर्ते आम्हांला सांगत : संप हे हत्यार आहे, ते रोज उपसू नका. ज्या कारखान्यात दर आठ दिवसांनी अर्धा तास काम बंद होते आणि अर्ध्या मनाने परत सुरू होते, तेथे मालक संपाला भीत नाही. तो संप पचवावयास शिकतो. माल साठवून ठेवतो, बदली माणसे तयार ठेवतो. मग खरी वेळ येते, माणसांच्या पोटावर पाय येतो, तेव्हा संप पुकारला तरी गेटावर काही हलत नाही. आणि तो बोथट झालेला संप केवळ त्या कारखान्याचा नसतो. शेजारच्या दहा कारखान्यांतल्या कामगारांचाही असतो. जंतुनाशक औषधाचे नेमके हेच आहे. ते विकत घेणारा एकटा असतो, पण त्यातून खर्च होते ती सर्वांची ठेव.

ती ठेव कशासाठी लागते? मुंबईत पावसाळ्यात गुडघाभर पाणी तुंबले की त्यातून चालत गेलेल्यांना लेप्टोस्पायरोसिसपासून वाचविण्यासाठी महापालिकेचे दवाखाने डॉक्सिसायक्लिन देतात. कोकणात भाताच्या खाचरात अनवाणी राबणाऱ्याला तीच लागते. विदर्भात पावसाळ्यानंतर झाडाझुडपांतल्या बारीक किड्याच्या चाव्याने येणाऱ्या स्क्रब टायफसला तीच पहिले औषध. मुरमाच्या कॅपसुलांनी या रोगांचे जंतू बिघडले असे आम्ही म्हणत नाही. पण भंगारवाला, गटारकामगार, भात लावणारी बाई यांना जी दोन-तीन स्वस्त औषधे खात्रीने मिळू शकतात त्यांपैकी हे एक आहे. श्रीमंताला महाग औषध मिळेल. गरिबाचे स्वस्त औषध बोथट झाले तर त्याने कोठे जावयाचे? महाग होते तेव्हा ते गरिबाला मिळाले नाही. स्वस्त झाले तेव्हा त्याची किंमत राहिली नाही.

मग मुरमाच्या रोग्याने सोसत बसावे काय? असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. तोंडाला रुमाल बांधून आलेला तो पोरगा आम्ही पाहिला आहे. गालावर कायमचे खड्डे पडण्याइतका ज्याचा रोग तीव्र आहे त्याला ही कॅपसूल मिळाली पाहिजे. वैद्यकानेही आता नियम बांधले आहेत. तोंडाने घ्यावयाचे जंतुनाशक एकटे देऊ नये. त्याच्याबरोबर बेंझॉइल पेरॉक्साइडचे मलम द्यावे, कारण त्याला दाद न देण्याची विद्या जंतूंना साधलेली नाही. साधारण तीन महिन्यांनी रोगी पुन्हा तपासावा आणि शक्य तितक्या लवकर कॅपसूल थांबवावी. त्यानंतर लावण्याच्या औषधांवर निभवावे. फार तीव्र रोगाला १९८२ पासून आयसोट्रेटिनॉइन हे जंतुनाशक नसलेले औषध आहे. पण गर्भाला ते इतके घातक आहे की ते तज्ज्ञाच्या देखरेखीवाचून घेऊच नये. आपल्याकडे ही कॅपसूल डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून विकू नये असा कायदा आहे, आणि २०१६ पासून अशा औषधांच्या पाकिटावरची तांबडी रेघ ओळखा अशी सरकारी मोहीमही झाली. कायदा आहे, तो काउंटरवर उभा नसतो इतकेच. फॅक्टरी ॲक्टचा अनुभव असल्यामुळे आम्हांला याचे नवल वाटत नाही. कायदा कागदावर सरकार आणते. तो जमिनीवर लोकच आणतात.

आता त्या टर्नरचे काय झाले ते सांगून आम्ही आपली रजा घेतो. त्याला आम्ही सरकारी रुग्णालयातल्या त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. बाईंनी चेहरा थोडा वेळ पाहिला आणि हात पुष्कळ वेळ पाहिले. मग विचारले, "काम काय करतोस?" चौदा महिन्यांत हा प्रश्न त्याला कोणीच विचारला नव्हता. लेथवर हत्यार थंड ठेवण्यासाठी जे कटिंग ऑइल सोडतात ते त्याच्या हातांवर दिवसभर उडे, डांगरी मांडीपर्यंत भिजे आणि तीच डांगरी तो आठवडाभर घाली. तेलाच्या चिंधीने तो घाम पुसे. तेच तेल गालांवर जाई. त्याचे मुरूम अर्धे वयाचे होते आणि अर्धे कारखान्याचे. तेलाने बुजलेली छिद्रे कॅपसूल कशी उघडणार? कामाच्या जागी होणारे मुरूम ही काही नवी गोष्ट नव्हे. १८९९ मध्येच जर्मनीत हर्क्सहायमर या डॉक्टरने क्लोरीनच्या कारखान्यातील कामगारांचे मुरूम वर्णन केले होते. सव्वाशे वर्षे उलटली, पण 'काम काय करतोस' हा प्रश्न अजून चिठ्ठीवर छापलेला नाही.

आम्ही त्या कारखान्याच्या व्यवस्थापनाशी बोललो. पहिल्या भेटीत 'पोराने तोंड धुवावे' असे उत्तर मिळाले. तिसऱ्या भेटीत तीच तक्रार असलेली आणखी चार माणसे आम्ही बरोबर नेली. मग लेथला उडते तेल अडविणारे पत्रे बसले, तेल वेळच्या वेळी बदलू लागले, दोनाऐवजी चार डांगऱ्या मिळाल्या, आणि पाळी सुटताना साबण व दहा मिनिटे मिळाली. दहा मिनिटांवर सर्वांत जास्त वाद झाला. डॉक्टरीणबाईंनी कॅपसूल थांबविली आणि मलम दिले. चेहरा निवळावयास आठ महिने लागले. दोन खड्डे राहिले. त्याचे लग्न पुढच्या वर्षी झाले, दुसऱ्या ठिकाणी. पत्रिका द्यावयास तो कचेरीत आला तेव्हा रुमाल गळ्यात होता, तोंडावर नव्हता.

'याच्याहून जोराची कुठली मिळते का' या त्याच्या प्रश्नाला आम्ही त्या दिवशी उत्तर देऊ शकलो नव्हतो. आज देतो. जोराची गोळी पुष्कळदा मिळते; पण आधी विचारावे की वाट कोठे बुजली आहे. आणि जी गोळी आपल्या हाती आहे तिच्यात मिसूरीच्या शेतातली माती, एका म्हाताऱ्याचे डोळे, भीमवरमच्या माणसाचे आयुष्य, हार्लेमच्या रोग्यांचा विश्वास आणि आपल्याच देशाने लढविलेला दावा आहे, हे जाणून ती मोजून घ्यावी. घरात कोणाच्या तरी कपाटात अर्धे राहिलेले पाकीट असेल. ते शेजारच्या पोराला देऊ नका आणि स्वतःच्या मर्जीने पुन्हा सुरूही करू नका. ते डॉक्टरांना दाखवा.